गंज, झाकणासकट

पिपलानी, भोपाळ
१८ जुलै १९८२

अनुराधा,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे राग आला तरी तो राहून जायचा नाही.

तुझं कार्ड मिळालं. वाचलं, मग उलटं करून पत्ता वाचला, कारण मला वाटलं पोस्टमनने कुणा दुसऱ्याचं टाकलं. सात-आठ महिन्यांत मुलाची नि सुनेची एक ओळ नाही. संक्रांत गेली, पाडवा गेला, उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं, त्यावर कुणी काही विचारलं नाही. आणि आता विचारता काय, तर 'आई, तुमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात, तो शब्द कुठून आला असेल, भोपाळला आणखी कोण वापरतं, आमच्या संस्थेच्या कामासाठी हवं आहे.' खाली 'तुमची अनुराधा'. विजयचं नाव नाही. त्याचा हात दुखतो का?

तुझी संस्था स्वयंपाकघरातले शब्द गोळा करते, हे तू लग्नानंतर पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा सांगितलं होतंस. मला फार कौतुक वाटलं होतं. मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं इथल्या मराठी मंडळाच्या कपाटातली पुस्तकं आणून वाचलेलं. सून शब्दांचं काम करते म्हणून मी गल्लीभर सांगत फिरले होते. आज तसं वाटत नाही. पण विचारलंस तर सांगते. विचारलेल्याला उत्तर न देणं मला जमत नाही.

आमच्या वर्ध्याकडे पातेल्याला गंजच म्हणतात. भाताचा गंज, वरणाचा गंज, दुधाचा गंज. मला तर लग्न होईपर्यंत दुसरा शब्दच माहीत नव्हता. इथे नवीन आले तेव्हा मंडळाच्या कोजागिरीला मी म्हटलं, दुधाला मोठा गंज लागेल. तर सुलभाताई, त्यांचे यजमान इंजिनिअर होते, त्या मूळच्या पुण्याच्या, म्हणाल्या, "अहो सिंधूताई, तुमच्याकडे दूध गंजात आटवतात? बरं आहे, लोहाच्या गोळ्या वेगळ्या घ्यायला नकोत." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन यांच्यासमोर रडले. हे जेवत होते. म्हणाले, "कारखान्यात शॉपमध्ये मला सगळे हिंदीवाले गंजा म्हणतात, मी रडतो का? ह्या घरात दोन गंज आहेत. एक ओट्यावर, एक माझ्या डोक्यावर. दोन्ही चकचकीत ठेव म्हणजे झालं."

एवढं तुझ्या कामाला पुरेल. आता माझं ऐक.

माझ्या घरात सध्या तीन गंज आहेत. दोन पितळी, माझ्या लग्नातले, माझं नाव घातलेले. तिसरा स्टीलचा, झाकणासकट, त्यावर नाव नाही. तो कुठून आला ते तुला ठाऊक आहे. त्यात मी आजवर पाणीसुद्धा तापवलेलं नाही. मी त्या दिवशी शेजारच्या साहूबाईंना घेऊन कारखान्याच्या ऑफिसात सह्या करायला गेले होते. परत येते तो यांची ट्रंक रिकामी आणि ओट्यावर हा गंज, कागदाची चिठ्ठीसुद्धा अजून न काढलेली. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडं घ्यायची रीत मलाही माहीत आहे. फाटकी लुगडी देऊन मीही वाट्या घेतल्या आहेत. पण माणूस जाऊन पंधरवडा झाला होता. शर्ट गेले, पँटी गेल्या, आणि तो निळा कोटही गेला, कारखान्याकडून मिळालेला, लोकरी. डाव्या खिशाजवळ वेल्डिंगची ठिणगी पडून भोक पडलं होतं, तिथे मी रफू केलं होतं. त्या निळ्याचा दोरा जवाहर चौकात मिळाला नाही म्हणून काळा लावला, आणि हे पुढे सगळे हिवाळे तसाच घालून हिंडले. "चांगला दिसतो, लांबून तीळ वाटतो," म्हणायचे.

मी विचारलं तेव्हा तू मान खाली घालून उभी राहिलीस. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचं एवढंच आलं का, झाकणासकट? ते मी आजही मागे घेत नाही. तिकिटं चार दिवसांनंतरची असताना तुम्ही दुसऱ्या दिवशी निघून गेलात, ती तुमची मर्जी.

क्वार्टर डिसेंबरअखेर सोडायचं आहे. विजयला सांग, पुण्याला नेण्याचं मनात आणू नको. बाग सेवनियाला मी खोली बघितली आहे.

सिंधू नरहर खोडे


पिपलानी
४ ऑगस्ट १९८२

अनुराधा,

सुखी राहा, दोघंही. हे झालं.

तुझ्यासारखी माणसं मला कळत नाहीत. मी तुला रागाचं पत्र लिहिलं. तू उलट रागाव, नाहीतर माफी माग, नाहीतर गप्प बस. तू काय केलंस, तर आणखी तीन प्रश्न पाठवलेस. 'तेलुगू कुटुंबांत हा शब्द आहे का? छत्तीसगडकडे? उर्दू जाणणाऱ्यांकडून काही कळेल का?' कोटाबद्दल एक अक्षर नाही.

तरी मी विचारलं. मला दुसरं काय काम आहे. सकाळी दहाला माझं सगळं आटोपतं. भात तेवढा अजून दोघांचा होतो, कारण गंज तोच आहे आणि हातालाही तेवढंच माप माहीत आहे. उरलेला संध्याकाळी फोडणीचा करून खाते. कंटाळा आला आहे मला फोडणीच्या भाताचा.

तर लिहून घे.

समोरच्या लक्ष्मम्माला विचारलं, गंज माहीत आहे का. ती म्हणाली, "गंज नहीं, गंजी. चावल का पानी. बुखार आया तो नमक डाल के पीते." मी म्हटलं, आमच्यात गंज म्हणजे भांडं. ती म्हणाली, "तुम लोग बर्तन पीता क्या?" आणि इतकी हसली की तिचं दूध उतू गेलं, त्याचा दोष मला.

वरच्या मजल्यावरच्या पालबाईंनी गॅलरीतल्या दोरीकडे बोट दाखवलं. तिथे पालबाबूंचं बनियन वाळत होतं. बंगालीत ते गेंजी. मला वाटलं चेष्टा करतात, पण नाही.

साहूबाई भिलाईहून बदलून आलेल्या. त्यांच्या घरी माझ्यासारखंच, भाताच्या भांड्याला गंजी म्हणतात. मला इतका आनंद झाला की मी तिथेच बसले. इतकी वर्षं शेजारी राहून हे आम्ही एकमेकींना बोललो नव्हतो, कारण दोघी बाहेर 'भगोना' म्हणायला शिकलो होतो. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे गंज म्हणजे पुष्कळ असंही होतं. गंज अकन माणसं जमली म्हणतात, म्हणजे खूप जमली.

मग सिद्दीकी मास्तर. ते शाळेत उर्दू शिकवायचे, आता रिटायर होऊन मुलाच्या क्वार्टरात राहतात. त्यांना कुणी काही विचारलं की दोन तास सोडत नाहीत, म्हणून मी त्यांना फाटकातूनच विचारलं. ते म्हणाले, "बहन, गंज तो ख़ज़ाना है. फ़ारसी का लफ़्ज़ है. फिर जहाँ माल का ढेर लगा, वो मंडी भी गंज हो गई. ये हबीबगंज क्या है?" मी म्हटलं, स्टेशन. ते म्हणाले, "स्टेशन तो अब है." मी त्यांना आमच्या पातेल्याचं सांगितलं. तर म्हणाले, "जिस बर्तन में घर भर का खाना हो, उसे ख़ज़ाना कहने में बुराई क्या है?" आणि लगेच विचारलं, किताब कब छपेगी. मी म्हटलं, सुनेला विचारते.

माझं स्वतःचं मत असं, की लक्ष्मम्माची गंजी ही आमच्या गंजात शिजत असणार, म्हणून तिला गंजी म्हणतात. हे तुझ्या संस्थेतल्या सरांना सांग. कुणाचं मत ते लिहायला हरकत नाही.

आणि कोट का दिलास तेही लिही. कोट काही जुना झाला नव्हता.

सिंधू खोडे


पिपलानी
६ सप्टेंबर १९८२

अनुराधा,

आशीर्वाद आहेतच. ते काही भांडणावर अवलंबून नाहीत.

तुझं पाकीट आलं. चार पानं लिहिलीस, त्यात माझं मत अर्ध्या ओळीत निकालात काढलंस. 'आई, तेलुगूतली गंजी वेगळी आहे, ती दक्षिणेकडच्या भाषांतली कांजी, तिचा आपल्या गंजाशी संबंध दिसत नाही.' बरं. लक्ष्मम्माला मी अजून सांगितलेलं नाही. आम्ही दोघींनी नातं जोडून टाकलं होतं, ती आता मला गंजीवाली वहिनी म्हणते. बंगाली गेंजी तर म्हणे इंग्रजांच्या कुठल्या बेटावरून आली. बनियनसुद्धा इंग्रजांनीच दिलं का?

आणि संस्कृतात गंज म्हणजे कोठार, खजिना, आणि गंजा म्हणजे दारूचा गुत्ता, शिवाय दारू पिण्याचं भांडं. कोशात आहे म्हणतेस म्हणजे असेलच. हे पत्र मी मंडळात वाचून दाखवणार होते, तेवढ्यासाठी राहिलं. आधीच सुलभाताईंनी माझ्या गंजातून लोखंड काढलं होतं, आता त्यात दारू भरायला नको.

वाचताना मात्र यांची आठवण झाली. यांनी ती पानं मोठ्याने वाचायला लावली असती, आणि दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं असतं की मला गंजा म्हणू नका, मी खजिना आहे. असो.

आता इकडचं. तू मला शब्द सांगतेस, मी तुला भांड्याचं सांगते. तो स्टीलचा गंज मला डोळ्यांसमोर नको झाला होता. पण भांडं टाकून द्यायचं कसं? म्हणून गणपतीत प्रसादाच्या स्वयंपाकाला भांडी मागायला मुलं आली, तेव्हा मी तोच काढून दिला. इथला नियम सगळ्यांना माहीत आहे. मंडळात भांडं द्यायचं तर नाव घातलेलं द्यायचं. बिनानावाचं दिलं की समजायचं दान झालं, पुढच्या वर्षी ते कुणाच्या तरी मोरीत सापडतं. मी म्हटलं, सुटले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाचे चिटणीस नीळकंठ स्वतः सायकलला लटकवून घेऊन आले. घासूनपुसून, झाकणासकट. मी म्हटलं, हा माझा कशावरून, ह्यावर नाव कुठे आहे? ते म्हणाले, "काकू, नावाची काय गरज? हा कुणाचा ते सगळ्या पिपलानीला माहीत आहे." मग त्यांना कळलं आपण काय बोललो, आणि चहा न घेता गेले.

म्हणजे माझं त्या दिवशीचं बोलणं भिंतीपलीकडे सगळीकडे गेलं होतं. मी इतके दिवस समजत होते की घरातलं घरात राहिलं. साहूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दीदी, खिड़की खुली थी." आणि वर म्हणाल्या, "बहू कुछ बोली नहीं, यही सबने कहा."

हे मला कशाला सांगितलं त्यांनी? काही बोलली नाहीस ते मीही पाहिलं होतं. बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बोलली नाहीस.

आता बोहारीण आली की तिलाच देऊन टाकणार आहे. तिच्याकडून आला, तिच्याकडे जाईल. बदल्यात कपबशा घेईन.

सिंधू खोडे


पिपलानी
२४ सप्टेंबर १९८२

अनुराधा,

हे पत्र विजयसमोर उघडू नको. वाचून झाल्यावर हवं तर दे.

काल गेंदाबाई आली. हीच ती बोहारीण. उन्हाळ्यात ती तिच्या गावी सागरकडे असते, नंतर पावसात डोक्यावर टोपलं घेऊन फिरता येत नाही, म्हणून इतके महिने दिसली नव्हती. मी गंज बाहेर आणून ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, हा घे आणि सहा कपबशा दे. तिने उचलला, बुडाला बोट फिरवलं आणि म्हणाली, "ये तो मेरा ही भगोना है अम्मा. इसमें तो आँच भी नहीं लगी."

मी म्हटलं, नाही लावली. माझ्या सुनेने माझ्या मालकाचे कपडे देऊन घेतलेलं भांडं मी चुलीवर ठेवणार नाही.

ती म्हणाली, "बहू ने कहाँ दिए अम्मा? भैया ने दिए."

मी म्हटलं, तू दुसऱ्या घराचं बोलतेस. रोज दहा घरं फिरतेस, चुकली असशील. तर तिला राग आला. टोपलं खाली ठेवून पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण मला माझ्या शब्दांत लिहायचं नाही.

"बहू तो अंदर से बोल रही थी, अम्मा को आ जाने दो, उनसे पूछ तो लो. भैया बोले, नहीं, उनके आने से पहले ले जाओ, मुझसे नहीं देखे जाते. एक-एक कपड़ा खुद उठा के दिया. मैंने गिना भी नहीं, ऐसा मुँह था उनका. फिर वो नीला कोट आया. मैंने कहा, कोट में तो एक परात और दे दूँगी. उन्होंने मेरे हाथ से वापस ले लिया. मैंने कहा, भैया, परात बड़ी है. वो तो वहीं पहन के खड़े हो गए. बाँहें छोटी पड़ रही थीं. मैं क्या बोलती, भगोना रख के चली आई."

मी तिला आत बोलावून चहा दिला. गंज दिला नाही. ती जाताना म्हणाली, "बदलना नहीं था तो बुलाया क्यों?" खरं आहे तिचं. तिचा अर्धा दिवस मी खाल्ला.

आता मला सांग, तुला तोंड नव्हतं का? मी ओट्याशी उभी राहून नाही नाही ते बोलले, तेव्हा तू तिथे होतीस, विजय तिथे होता, आणि कोट त्याच्या होल्डॉलमध्ये गुंडाळलेला होता. तो बोलला नाही ते मी समजू शकते. यांची ट्रंक मलाही उघडवत नव्हती, म्हणून तर ती पंधरवडा तशीच बंद होती. त्याने डोळे मिटून एकदाची रिकामी केली, आणि मग माझ्यासमोर त्याचं धैर्य संपलं. बापावरच गेला आहे. यांनाही कठीण काम हाताने करता यायचं, तोंडाने सांगता यायचं नाही. पण तू? 'गंज' ह्या एका शब्दावर तू मला कार्डामागून कार्डं लिहिलीस. संस्कृत झालं, फारसी झालं, इंग्रजांची बेटं झाली. 'मी दिले नाहीत' हे तीन शब्द होते. त्यांना कोश लागत नाही.

मी कोटाचं विचारत होते आणि तू मला दारूचं भांडं सांगत होतीस. नवऱ्याला झाकायचं म्हणून सासूचे शिव्याशाप घ्यायचे, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? मी असं काही वाचलेलं नाही. असतं तरी अर्ध्यावर ठेवून दिलं असतं.

फार राग आला आहे मला. कुणाचा ते अजून नीट ठरलेलं नाही. तू लगेच उत्तर लिही. शब्द नको. खरं लिही.

आई


पिपलानी
१९ नोव्हेंबर १९८२

अनुराधा,

मध्ये तुझी दोन पत्रं आली आणि विजयचं एक. त्याच्या पत्राला मी वेगळं उत्तर दिलं आहे, ते त्याच्यापाशीच राहू दे. तू म्हणतेस तो पत्र घेऊन गच्चीवर गेला आणि जेवायलाच खाली आला. जेवला ना? मग ठीक.

तुझ्या पत्राचं उत्तर मात्र मी मुद्दाम उशिरा देते आहे, कारण ते वाचून मी पुन्हा रागावले. तू लिहितेस, संस्थेचं शब्दांचं काम मे महिन्यातच संपलं होतं, आणि गंज हा शब्द तिथे कुणी मागितलाच नव्हता. 'तुम्हाला पत्र कसं लिहावं कळेना आई, आणि प्रश्न विचारला तर तुम्ही उत्तर द्याल एवढं माहीत होतं.'

म्हणजे मी सगळी गल्ली पालथी घातली, पालबाबूंच्या बनियनपर्यंत गेले, ते कशासाठी? सिद्दीकी मास्तर मला अजून रोज फाटकात गाठून विचारतात, "छपी किताब?" त्यांनी आणखी तीन शब्द काढून ठेवले आहेत. आता त्यांना तूच सांग, येशील तेव्हा. लक्ष्मम्माला सांगायची गरज नाही. तिच्या गंजीचं आणि माझ्या गंजाचं काही नातं नाही हे मी तिला शेवटी सांगितलं, तर ती म्हणाली, "किताब को क्या मालूम?"

असं कर, एक नोंदीचं कार्ड तरी लिही ह्या शब्दाचं. एवढा गोळा केला तो वाया का जावा? पातेलं, बनियन, पेज, पुष्कळ, टक्कल, लोखंडावरचा तांबेरा, खजिना, बाजार, आणि तुझा तो गुत्ता. माझं चुकलेलं मतही घाल, चुकलं म्हणून लिही. सिद्दीकी मास्तरांनी सांगितलेलंही घाल. ते बरोबर आहे की नाही मला माहीत नाही, पण मला आवडलं.

आता कामाचं. यंदा अधिक आश्विन आला, त्यामुळे वर्ष तेरा महिन्यांचं झालं. मला ते आधीच लांब वाटत होतं. यांच्या वर्षश्राद्धाची तिथी आता डिसेंबरच्या सुरुवातीला येते. गुरुजींना विचारून तारीख विजयच्या पत्रात कळवली आहे. दोन दिवस आधी या. हलवायाकडून काही आणायचं नाही, मी आणि साहूबाई मिळून करणार. वरण पितळी गंजात करता येणार नाही, कल्हई गेली आहे, आणि कल्हईवाला आता ह्या बाजूला फिरकत नाही. म्हणून परवा स्टीलचा गंज काढला आणि आधी त्यात दूध तापवून बघितलं. चांगला जाड बुडाचा आहे, लागत नाही. गेंदाबाईने फसवलं नाही विजयला.

मग तो घेऊन जवाहर चौकात गेले, नाव घालायला. दुकानदाराने विचारलं, "क्या लिखना है माताजी, किसकी याद में?" यांचं नाव त्याला सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, नाही, यांचं नाव भांड्यावर नको, यांनी कधी स्वतः चहासुद्धा करून घेतला नाही. मी तुझं नाव घालून आणलं आहे. सौ. अनुराधा विजय खोडे, पिपलानी. पुण्याचा पत्ता घालता आला असता, पण भांडं इथलं आहे. अक्षर जरा वाकडं आलं आहे. आता नाव आहे म्हणजे हरवायचं भय नाही. आणि परत करायची सोयही नाही.

क्वार्टरची किल्ली डिसेंबरअखेरीला देईन. बाग सेवनियाच्या खोलीवाल्याला मी नाही म्हटलेलं नाही, होळीपर्यंत थांब म्हटलं आहे. तोवर तुमच्याकडे येते. जमलं तर बघू, नाही जमलं तर माझी खोली आहे. मला रोज 'आई बसा, आई मी करते' चालायचं नाही, आत्ताच सांगते. तुमच्या ओट्यावर एका गंजाएवढी जागा कर. तू त्याला पातेलं म्हण, मी गंज म्हणेन, जेवताना काही फरक पडत नाही.

तुझ्या पत्रात आहे की विजय तो कोट संध्याकाळी घरात घालून बसतो, आणि खिशाजवळचं रफू उसवलं आहे, पण तुला हात लावू देत नाही. त्याला सांग, भोपाळला उतरताना अंगात कोट हवा. सकाळची गाडी आहे, फलाटावर गारठा असतो. बाह्या आखूड पडतात त्याला माझा इलाज नाही. खिसा तसाच फाटका आणा, तिकडे कुठल्या शिंप्याला दाखवू नका.

काळा दोरा माझ्याकडे आहे.

आई